काकूच्या रानातलं मीठ

काकूच्या रानात मीठ वर आलं, तेव्हा मी पाण्याच्या हक्काची पत्रकं वाटत हिंडत होतो. सायकलच्या कॅरिअरला गठ्ठा आणि तोंडात घोषणा. नदीवर उपसा योजना होऊन तीन-चार वर्षं झाली होती. शेताला पाणी मिळालं की माणसाचं भलं झालंच, असं मी बेधडक लिहायचो. आजही चीड येते. माझीच.

काकू म्हणजे माझी थोरली चुलती. चुलते वारल्यावर एकरभर रान तीच कसायची. वर आमचा ऊस, खाली आमचा ऊस, त्यापलीकडे ओढा. मधल्या त्या एकरात ती शाळू पेरायची. वर्षाची भाकरी त्यावरच. त्या साली शाळू गुडघ्याएवढा झाला आणि पानांचे शेंडे करपायला लागले. सकाळी ढेकळांवर पांढरा थर दिसायचा, पीठ सांडल्यासारखा. वरून कडक, पाय दाबला की खाली चिखल.

माझ्या वडिलांनी, आबांनी, लगेच उपाय काढला. आपली पाण्याची पाळी तिला दिली.

“वैनी, भरपूर पाजा. मीठ धुऊन जाईल.”

गावात सगळे हेच करत होते. मी शहाणा स्वतः पाटाच्या पाण्याची दारं धरायला उभा राहिलो. आठवड्यात थर दुप्पट झाला.

मग शेतकी खात्याचा एक माणूस आला. त्यानं रानाच्या मधोमध हातभर खड्डा घेतला. बघता बघता खड्ड्यात पाणी भरलं.

“वरच्या उसाचं पाणी इथं मुरतंय,” तो म्हणाला. “त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते जमिनीतलं मीठ वर आणतंय. पाणी बंद करा. आणि ओढ्यापर्यंत कमरेएवढा चर काढा.”

म्हणजे आमच्या खालच्या उसातून.

“उभ्या उसातनं?” तो गेल्यावर आबा भडकले. “येडा हाय का त्यो? तोडणी हू दे, मग बगू.”

“तवर माझा शाळू ऱ्हातुय व्हय?” काकू म्हणाली.

“न्हाई ऱ्हायला तर माझ्याकडनं न्या की. मी काय परका हाय?”

“मागून खायाचं आसतं तर पेरलं कशाला आसतं, भावजी?”

यावर मी काय केलं? पत्रक लिहिलं! सरकारनं निचऱ्याचे चर काढलेच पाहिजेत. मागणी खोटी नव्हती. पाणी चढवायला इंजिनं, पाईप, उद्घाटनं, हारतुरे. आणि मुरलेलं पाणी बाहेर काढायला कुणी नाही. आबांनी ओसरीवर बसून ते दोनदा वाचलं.

“लय झ्याक लिवलंयस. सोडू नगंस सरकारला.”

माझं डोकंच फिरलं.

“सरकार ऱ्हाऊ द्या, आबा. आधी तुमचा ऊस!”

कुदळ घेऊन निघालो. काकू खोरं घेऊन बांधावर उभीच होती.

“पत्रकं संपली व्हय रं?”

मी खाली मान घालून उसात शिरलो आणि कुदळ मारली. माती ती ओढत होती. आबा शिव्या देत आले.

“आवं वैनी, तुमी तरी आवरा ह्याला!”

“सरा भावजी,” ती वर न बघता म्हणाली, “माती पायावर पडंल.”

चौथ्या दिवशी चर ओढ्याला मिळाला. गढूळ पाणी वाहायला लागलं, वाहतच राहिलं. पण शाळू गेला. सुगीत काकू दुसऱ्यांच्या रानात काढणीला गेली. मजुरी धान्यात घ्यायची आणि पाटी डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जायची. आबा हाक मारायचे. ती थांबायची नाही.