नवी फाइल, मोठी अक्षरं

अक्काच्या लॅपटॉपवर मी मॅक्रो बसवून दिला, त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शिंदखेड्याची निवृत्त शिक्षिका. मी जळगावला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, एकटीच राहते. कॉम्प्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते आणि अक्का पंधरा वर्षांची. मला आई अजिबात आठवत नाही. मी झाले तेव्हा तिला आनंद झाला, की पुन्हा मुलगीच म्हणून तिचं तोंड उतरलं, हे मला आयुष्यभर विचारायचं होतं. सांगू शकणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते बोलायला बसलं की पदर तोंडाला लावायचं. म्हणून मी हट्टच धरला की बोलू नकोस, लिही.

"बठ्ठं लिखसू," अक्का म्हणाली, "पन पहिलेपाईन." सगळं लिहीन, पण पहिल्यापासून, ही तिची अट.

साखरेनं तिचे डोळे अधू झाले होते आणि हात थरथरत असल्यानं पेन धरवत नव्हता. टायपिंग जमायचं, पण झूम दोनशे टक्के केलं तरच अक्षरं दिसायची. त्यात तो मेला प्रोग्राम फाइल बंद केली की झूम विसरून जायचा. कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरव, हे मी फोनवर दहादा सांगितलं आणि दहाही वेळा चिडले. शेवटी एका रविवारी सुरतकडची गाडी पकडून गेले. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला लावून द्यायची सवय. एकदा लावली की झूम आपोआप मोठं होणार होतं. ती कधी चालवायची हे ठरवायला दोन जागा होत्या, एक नव्या फाइलीसाठी आणि एक जुनी उघडण्यासाठी. मी पहिली भरली आणि नवी फाइल उघडून दाखवली. हरभऱ्याएवढी अक्षरं बघून अक्का लहान मुलीसारखी हसली. मला परतीची गाडी गाठायची होती. दुसरी जागा तशीच राहिली.

आठवड्याभरानं तिचा फोन आला, तेव्हा ॲडमिशनचे दिवस होते आणि माझ्या खिडकीसमोर रांग लागली होती.

"कालनं लिखेल बारीक दखास व माय," ती म्हणाली.

नवी फाइल उघड, मोठं दिसेल, असं मी खेकसूनच सांगितलं.

"बरं. तू काममा शे," म्हणून तिनं फोन ठेवला.

त्यानंतर तिनं कधीच तक्रार केली नाही. दर रविवारी मी विचारायचे, लिहिणं चालू आहे ना? चालू शे, म्हणायची. ऑफिसात मी सांगत सुटले होते की माझी बहीण पुस्तक लिहितेय.

थंडीत अक्का गेली. तेराव्यानंतर लॅपटॉप माझ्याकडे आला.

त्यात एकतीस फायली होत्या. प्रत्येक पानभराची, आणि प्रत्येकीची पहिली ओळ तीच: आपली आई पिंपळनेरची. एका फाइलीत पुढे लिहिलं होतं, "काल कुठवर आले ते दिसत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सांगते." आधी मला तिचाच राग आला. एकदा तरी ओरडायचं होतंस माझ्यावर! मग आठवलं, नवी फाइल उघड, असं मीच सांगितलं होतं. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून रडले.

दुसरी जागा आता मी भरली आहे. जुन्या फायलीही मोठ्या उघडतात. रोज संध्याकाळी जेवण उरकून एक वाचते. एकतिसांत आईचं माहेर आहे, लग्न आहे, तिच्या हातची दादर ज्वारीची भाकरी आहे, अक्काची शाळा आहे. सगळ्यांत पुढे गेलेली फाइल सतरावी. तिची शेवटची ओळ अशी आहे: "तुझ्या वेळी आईचे दिवस भरत आले होते."

त्या पूर्णविरामापुढे मी कर्सर नेऊन ठेवते. पुढचं मला लिहिता येत नाही.