मधलं पान

खळकाकांच्या बोटांत खळीचा वास इतका मुरला होता, की ख्रिस्ती देवळात माणसं डोळे मिटून बसलेली असली तरी त्यांना कळायचं, बाइंडर आले. पन्नास वर्षं पुस्तकं शिवली त्यांनी. शाळा मात्र चौथीतच सुटलेली, त्यामुळे वाचायची तऱ्हाही न्यारी. सोळा पानांचं जुज, म्हणजे शिवायची दुमडलेली जुडी, मधोमध उघडायचं, घडीत सुई घालायची आणि दोरा ओढता ओढता समोर येईल तेवढंच वाचायचं. मंडळीची पवित्र शास्त्रं, म्हणजे बायबलं, त्यांच्या हाताखालून इतक्यांदा गेली, की मधली पानं तोंडपाठ आणि बाकीचा सगळा अंधार. थोरली बहीण आक्का चिडवायची, "तुझा प्रभू कायम मधल्या पानावरच राहतो का रे?"

आक्का मागच्या खोलीत खिडकीपाशी खाटेवर असायची. तिचं काळीज हल्ली मध्येच थकून बसायचं. सकाळ-संध्याकाळ एक पांढरी गोळी त्याला चुचकारून चालतं ठेवायची.

अशात मंडळीत नवे उपदेशक आले. आवाज इतका मऊ, की ऐकता ऐकता दुलईत शिरल्यासारखं वाटावं. त्यांनी तीस जुनी शास्त्रं दुरुस्तीला टाकली आणि सोबत स्वतः छापून घेतलेलं सोळा पानांचं एकेक जुज. हे शेवटी जोडा, म्हणाले, त्याच दोऱ्यानं. काकांनी मधलं पान पाहिलं. प्रभूची स्तुती होती, गोड. मग काय, पहिली प्रत केली ती आक्काचीच.

दुपारी लांबत गेल्या. उन्हाच्या पट्ट्यात कागदाची धूळ तरंगायची, दोरा पानांतून सरसरत जायचा आणि आतून आक्काचं पुटपुटणं यायचं, पाण्याखालून आल्यासारखं. तिच्या चेहऱ्यावर कुठलंसं लांबचं हसू असायचं. काकांना वाटलं, बाई प्रभूच्या जवळ चाललीय. चालली होतीच म्हणा, पण वेळेआधी.

पाचव्या दिवशी ते दूध घेऊन आत गेले तर तिचे ओठ निळसर, पाय सुजलेले आणि उशीखाली दहा गोळ्या.

"आक्का, हे काय गं?"

"गोळी घेतो त्याचा विश्वास खोटा," ती झोपेत बोलल्यासारखी म्हणाली. "शास्त्रात लिहिलंय. अगदी शेवटी. वाच."

काकांनी वाचलं. मधल्या पानाच्या मागेच होतं, एक पान उलटलं असतं तर दिसलं असतं. ते खाटेच्या कडेला बसले.

"ते शास्त्र नाही, आक्का. ते मी शिवलंय."

"सगळंच तू शिवलंयस," आक्का म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

काका उठले. फडताळातून आईचं शास्त्र काढलं. त्याला त्यांनी कधी हात लावला नव्हता, त्यात आईच्या वेळचाच दोरा होता. शेवटचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. आमेन होतं, पुढे नुसता पुठ्ठा. मग आपल्या ओळखीचं मधलं पान काढलं. तिथं प्रभू स्वतः सांगत होता की वैद्य लागतो तो दुखणाईताला, धडधाकटाला नाही. आक्कानं त्या ओळीवरून बोट फिरवलं. दोनदा फिरवलं. काका सुरीनं तिच्या प्रतीतला दोरा कापत होते, आणि सोळा पानं सुटून तिच्या पांघरुणावर पडली.

"आईनं एवढ्याच पानांवर आयुष्य काढलं," ती म्हणाली. "पाणी दे. आणि डॉक्टरांना सांगावा धाड, ओरडतील ते ऐकून घेईन."

ओरडले ते. चांगले ओरडले. पण आठवड्याभरात सूज उतरली.

उपदेशक आले तेव्हा शास्त्रांचा गठ्ठा तयार होता आणि त्यांची पानं वेगळी, सुतळीनं बांधलेली. काका म्हणाले, या पानांना हवा तर वेगळा पुठ्ठा घालतो, वर तुमचं नाव घालतो, पण प्रभूच्या पुठ्ठ्यात हे बसायचं नाही. उपदेशकांनी मऊ आवाजातच त्यांच्या विश्वासाची कीव केली. रविवारी काका मंडळीपुढे उभे राहिले आणि चूक कुणाची ते सांगितलं. आधी आपली, मग त्यांची.

आता ते सुई ओवण्याआधी सोळाच्या सोळा पानं वाचतात, बोट ठेवून, एकेक अक्षर लावत. खळ वाटीत सुकून जाते. आतून आक्का विचारते, "कुठवर आला रे तुझा प्रभू?"

"कडेच्या पानावर," काका म्हणतात, आणि पान उलटतात.