रस्त्याच्या पलीकडून

अमरावतीत आमच्या भाड्याच्या घरामागच्या मैदानावर मी चार महिने एकच शब्द घोकत होते, 'बैठ'. समोर आमचा तांबडा गावठी कुत्रा, त्याच्या गळ्यात लांब दोरी आणि माझ्या खिशात उकडलेलं अंडं. पळता पळता 'बैठ' ऐकलं की जागीच बसायचं, आणि बोलावलं की सगळं सोडून यायचं. पहिला महिना म्हणजे गाढवापुढे वाचली गीता. मग एका सकाळी खारीमागे सुसाट निघालेला तो माझ्या एका आवाजावर मातीत घसरत बसला! मी मैदानभर नाचले. अख्खं अंडं त्याला देऊन टाकलं.

कुत्र्याला घेऊन अकोल्याला बाबांकडे गेल्यावर त्यांना हे रंगवून सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याले फौजेत धाडाचं हाय काय?" त्यांची पद्धत सोपी होती. भाकरीचा तुकडा दाखवायचा नि 'ये ये' म्हणायचं. लबाड माझ्याकडे यायचा त्यापेक्षा जोरात त्यांच्याकडे धावायचा. मला राग यायचा, खोटं कशाला सांगू.

दिवाळीत मी आणि बाबा त्याला घेऊन पातूर रस्त्यावरच्या शेतात गेलो. कपाशीतून ससा उठला आणि त्याच्यामागे कुत्रा थेट रस्ता ओलांडून पार. ससा निसटला. हा पलीकडच्या कडेला जीभ काढून उभा. बाबांचा जीव वरखाली झाला. हात पसरून त्यांनी हाक मारली, "ये ये, ये बाप्पा."

तो निघाला. डावीकडून कापसाच्या गाठींचा ट्रक भरधाव येत होता. बाबांची नजर फक्त कुत्र्यावर होती.

मी पोटातून ओरडले, "बैठ!"

पुढचे पाय डांबराला लागले होते. तो बसला. बाबा अजून हाका मारत होते, तरी बसला! ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला, क्षणभर धुळीत काहीच दिसेना. धूळ खाली आली तेव्हा तो तिथेच होता, माझ्याकडे बघत. मी धावत पलीकडे गेले, त्याला कवटाळलं, हसले, रडले. अख्ख्या अकोल्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बाबा मागून सावकाश आले. त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. मग खाली बघतच म्हणाले, "मलेबी शिकव. बलवाचं कवा नाही, ते."