केन्याचं फूल

साताऱ्याबाहेरच्या वनस्पती उद्यानात मी रविवारी सकाळी फोटो काढायला जातो. तिथं प्रत्येक रोपापुढे नावाची लोखंडी पाटी आहे. धुक्यात पाट्या दिसत नाहीत, नुसती फुलं तरंगतात. त्या धुक्यातून एक बाई वाफे खुरपत पुढे सरकायची. खुरप्याचा आवाज आधी यायचा, ती मागून दिसायची.

एकदा तिनं केन्याला खुरपं लावलं. केना म्हणजे उसात माजणारं तण, पण त्याचं निळं फूल मला फोटोत हवं होतं.

"मावशी, एवढं राहू द्या."

"ह्येला पाटी न्हाई, दादा. पाटी नसंल ते उपटायचं, असं सायेब म्हणत्यात."

मी घाईनं फोटो काढला आणि मोठा करून तिला दाखवला. हाताची माती लुगड्याला पुसून ती कॅमेऱ्यात बघत राहिली.

"जल्म गेला ह्ये उपटण्यात," ती हळू म्हणाली. "ह्येचं त्वांड आज बघितलं."

पुढच्या रविवारी खुरप्याचा आवाज दूर धुक्यात कुठंतरी येत होता. वाफा स्वच्छ झाला होता. मधोमध केना तेवढा फुललेला, आणि त्याच्यापुढे रोवलेली एक गंजकी पाटी. तिच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.