हॉलमध्ये मावणारं यंत्र

दादाच्या हृदयाचा निम्म्याहून अधिक भाग कामातून गेला होता. ठाण्याच्या डॉक्टरांनी तो आम्हाला पडद्यावर दाखवला आणि म्हणाले, उरलेला जपायचा असेल तर रोज थोडा व्यायाम हवा. चालता येत नसेल तर घरात यंत्र आणा. सायकल आणा नाहीतर वल्हवायचं आणा, ते रोज करतील ते आणा. यातलं शेवटचं वाक्य आम्ही फारसं मनावर घेतलं नाही.

चालणं बादच होतं. डोंबिवलीतला आमच्या दारापुढचा रस्ता काँक्रीटचा व्हायचा म्हणून खणलेला होता, आणि तो कधी पुरा होणार हे फलकावरच्या हसऱ्या पुढाऱ्यांनाही माहीत नसावं. शिवाय आपल्याला अशा अवस्थेत कुणी बघावं हे दादाला नको होतं. आमची भातशेती मागायला आलेल्या बिल्डरला त्याने एकदा ओट्यावरूनच परत धाडलं होतं. पुढे त्याच शेतावर इमारत झाली, तिला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव मिळालं आणि आम्हाला तिच्यात घरं मिळाली. आता दादा त्या घरात बाल्कनीकडे तोंड करून बसलेला असायचा. बोलणं हो-नाहीपुरतं.

मी आणि वहिनी त्याला कल्याणच्या एका दुकानात घेऊन गेलो. सायकलवर तो दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसावा तसा बसला. मग विक्रेत्याने त्याला दुसऱ्या यंत्राच्या सरकत्या आसनावर बसवलं, पाय पट्ट्यांत अडकवले.

"अंकल, समोर बघा. स्वित्झर्लंड!"

पडद्यावर निळं तळं होतं. आमच्या खाडीची सोय नव्हती. दादाने दांडा ओढला, पुन्हा ओढला. लहानपणी आजोबांच्या होडीतून मिठागरावर जाताना वल्हं त्याच्याकडेच असायचं. मला म्हणायचा, तू आपला वाचत बस.

"ओहोटी आहे रे," तो म्हणाला. "जड जातंय."

दवाखान्यातून आल्यापासून तो एवढं बोललाच नव्हता. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "भावजी, हेच घेऊ या."

"आधी घरी माप घ्या," विक्रेता म्हणाला. "हे लांब असतं."

घरी आम्ही यंत्राच्या मापाची वर्तमानपत्रं जोडून जमिनीवर पसरली. काचेचं कपाट आणि सोफा सोडून एकच पट्टा मोकळा होता, देव्हाऱ्यापासून बाल्कनीपर्यंत. त्यात यंत्र बरोबर बसत होतं. दादा कागदाच्या कडेला उभा राहून, वल्हं धरल्यासारख्या मुठी आवळून बघत होता.

तेवढ्यात शेजारच्या घरातून आत्या आली. ती आमच्या वडिलांची थोरली बहीण.

"ह्याच्यावर बसला का पाय कुनीकडं येतील त्याचं?"

"बाल्कनीकडे," मी म्हणालो.

"म्हंजे दक्षनेला." ती खाली कागदांकडे बघत राहिली. "तुझ्या बापसाला इथंच ठेवलेला. असाच."

"आत्या, तो निजणार नाहीये. व्यायाम करणार आहे."

"पाय तर तिकडंच ना?"

"मग उलटं ठेवू."

"देवाकडे पाय?" हे वहिनी म्हणाली. मघाशी दुकानात 'हेच घेऊ' म्हणणारी तीच वहिनी.

मी सोफा काढायचा मुद्दा मांडला. तो सोफा दारातून आत आला नव्हता, दोरांनी बाल्कनीतून वर चढवला होता, आणि सगळी इमारत खाली उभी राहून तो बघत होती याचं समाधान घराला अजून पुरत होतं. सोफा राहिला. मग मी दिशांबद्दल बरंच काही बोललो. सगळं बरोबर होतं आणि कुणी ऐकत नव्हतं. आत्या पदराने डोळे पुसायला लागली.

दादाने मुठी सोडल्या. "सायकल आणा. तिच्यावर पाय पाताळाकडे असतात. चालेल ना, आत्या?"

"गप रं, मेल्या," आत्या म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

सायकल आली. तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, शेजारचे येऊन पेढे खाऊन गेले. दादा थोडे दिवस तिच्यावर बसला.

"कुठवर पोचलात?" वहिनी विचारायची.

"भिंतीपर्यंत."

मग बसेनासा झाला. वहिनीने चिडून पाहिलं, रडून पाहिलं. तो पुन्हा बाल्कनीपाशी. दिवाळी झाल्यावर एका दुपारी तिथे बसल्या बसल्याच गेला.

हॉल मोकळा करायचा होता. सोफा हलणाऱ्यातला नव्हता, म्हणून मी आणि शेजारच्यांनी सायकल उचलून जिन्यात नेली. नेताना पायडल फिरलं, पडदा उजळला आणि त्याने इंग्रजीत स्वागत केलं. मग दादाला खाली घेतला. देव्हाऱ्याकडे डोकं, बाल्कनीकडे पाय. वर्तमानपत्रं पसरली होती त्याच जागी तो व्यवस्थित मावला.

माणसं जमेपर्यंत आत्या त्याच्या पायाशी बसून होती. मी जवळ गेलो तेव्हा तिने माझा हात धरला.

"ते दुसरं आनलं असतं, तर केलं असतं का रं त्याने?"

"डॉक्टर म्हणालेले, कुठलंही आणलं तरी एकच," मी म्हणालो.

तिने मान हलवली, पण हात सोडला नाही. वहिनी कपाटाला टेकून बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते तिनेही ऐकलं होतं.