उंच केलेली जीप आणि वाडीतली माती

नाशिकहून निघालो त्या सकाळी तुमच्या आजोबांनी जीपमध्ये पाण्याचा डबा, दोर आणि फावडे ठेवले आणि मागच्या बाजूला एक नवी कापसाची गादी अंथरली. गादी भिजू नये म्हणून मी तिला मेणकापडाची खोळ शिवली होती. दसरा होऊन गेला होता. एरवी आजोबा प्रवासाला निघताना शीळ घालायचे. त्या दिवशी त्यांनी गाडीच्या चारी बाजूंना फेरी मारली आणि शीळ न घालताच बसले.

गादी जानकीमावशींसाठी होती. आजोबांची आई फार लवकर गेली, आणि शाळेसाठी मुंबईला पाठवेपर्यंत त्यांना याच मावशीने वाढवले. बोईसरच्या पश्चिमेला, घिवलीच्या अलीकडे, खाडीपलीकडे त्यांची नागवेलीच्या पानांची वाडी होती. तुमचे मूळ गाव कोणते असे तुम्ही विचारता, ते हेच. तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्राचे काम चालू झाले होते, त्या बाजूला नवे रस्ते होत होते, आणि एका रस्त्यासाठी सरकारने घेतलेल्या जमिनीत मावशींची वाडी गेली होती. दिवाळीपूर्वी घर रिकामे करायचे होते. त्यांच्या मुलाने, मोरेश्वरने, माकुणसारला बायकोच्या माहेराजवळ दोन खोल्या बांधल्या होत्या. पण पावसाळ्यात मावशी विहिरीजवळ घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. मोरेश्वरने त्यांना बैलगाडीतून न्यायचा प्रयत्न केला. वाडीच्या झापापर्यंत (काट्यांच्या फाटकापर्यंत) गाडी गेली आणि वेदनेने त्यांची शुद्ध हरपली. तशीच गाडी मागे फिरवावी लागली.

आमची जीप लष्कराच्या लिलावातली, जुनी. जव्हारच्या घाटात तिने काही कुरकुर केली नाही. घाट उतरल्यावर डोंगरातली कुटुंबे रस्त्याने चालत खाली येताना दिसू लागली. आपल्या तुकड्यावरची नाचणी-वरी काढून झाली की ही माणसे कामाच्या शोधात किनाऱ्याकडे उतरतात. एका बाईच्या डोक्यावर मडकी होती, कडेवर मूल, आणि तिच्यामागच्या म्हाताऱ्याच्या हातातल्या टोपलीत कोंबडी होती. सगळे घर त्यांच्या अंगावर होते. आजोबा म्हणाले, "यांचं बरं आहे, दर वर्षी परत तरी जातात." 

पालघरला मोरेश्वर स्टेशनाजवळ वाट पाहत उभा होता. आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. ते वयस्कर, थकलेले गृहस्थ होते. हाड जुळलेले नाही, जुळेल असे वाटत नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायचे तर एकदाच न्या, उचलाउचल करू नका, आणि धक्का बसू देऊ नका. तसा धक्का बसला तर पुढचे काही सांगता येणार नाही. बोईसरहून रेल्वेने माकुणसारजवळच्या सफाळे स्टेशनापर्यंत न्यावे हा माझा विचार तिथेच संपला.

बाहेर आल्यावर मोरेश्वरने दुसरी बातमी सांगितली. ट्रकांनी खाडीकडच्या रस्त्याची पार चाळण केली होती. चाकोऱ्या इतक्या खोल झाल्या होत्या की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागायचा. "दादा, तुमची जीप मोठी दमाची असंल, पन ती कासवासारखी मधीच बसून ऱ्हाईल."

आजोबांनी जीपखाली वाकून पाहिले आणि मान हलवली. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडाचा एक गोळा असतो, गॅरेजवाले त्याला डिफरन्स म्हणतात. तो जमिनीला टेकला की चाके नुसती फिरतात. तो वर न्यायचा तर टायर मोठे हवेत. टायर मोठे केले की ते मडगार्डला घासतात, म्हणून गाडीचे अंगही थोडे वर उचलावे लागते. त्यासाठी कमानीत, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या जुडीत, एक जादा पाटा घालतात. हे सारे आजोबांनी मला पालघरच्या बाजारात केळी घेताना समजावले. केळेवाल्यानेही ऐकून घेतले आणि डिफरन्स म्हणजे काय ते पुन्हा विचारले.

बोईसर तेव्हा अर्धे खेडे होते. भाताच्या शेतांच्या कडेने पत्र्याच्या शेडी उठल्या होत्या, धूळ होती, आणि चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू येत होते. बशीरभाईंचे गॅरेज ट्रकांच्या जिवावर चालले होते. त्यांनी कुठल्याशा मोठ्या लष्करी गाडीचे खोल खाचांचे टायर काढले, रिमवर चढवले, कमानी सोडवल्या आणि पाटे वाढवले. मी शेडबाहेर बाकावर बसून पाहत होते. आपल्या ओळखीचे जनावर कोणी आडवे पाडून त्याला नाल ठोकावेत, तसे मला वाटत होते. काम संपले तेव्हा जीप हातभर तरी उंच दिसत होती. प्रत्यक्षात एवढी नव्हती. मला चढण्यासाठी लाकडी खोका लागला. तुम्ही त्या जीपमध्ये स्टूल ठेवून चढायचात, ते त्या दिवसापासूनचे.

गॅरेजच्या आवारातच एक फेरी मारली तर दात वाजले. ही इतकी का उसळते, असे मी विचारले. बशीरभाई हात पुसत म्हणाले, "माताजी, खाली गाडी है, उछलेगी ही. माल डालो, बैठ जाएगी." (खाली म्हणजे रिकामी.) मला ती गॅरेजवाल्याची थट्टा वाटली. आजोबा तर ऐकतही नव्हते. ते टायरांकडे पाहत होते, आणि नाशिक सोडल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते.

खाडीकडचा रस्ता जीपने लीलया पार केला. चिखल, चाकोऱ्या, ओहोटीने उघडी पडलेली खाडी, कुठेही पोट टेकले नाही. आत बसलेले आम्ही मात्र सुपातल्या दाण्यांसारखे उडत होतो. मोरेश्वरचे डोके छताच्या दांडीला आपटले. माझी जीभ चावली गेली. तिघांच्याही मनात मावशींचे हाड आले असणार.

मावशींचे घर निम्मे मोडलेले होते. माजघरावरची कौले तेवढी शिल्लक होती, आणि त्याखाली त्यांची खाट. कमळ, मोरेश्वरची बायको, चुलीशी होती. तिने वाडीतले सगळे कंद, कोनफळ, रताळी खणून काढली होती आणि उकडहंडी लावली होती (कंद आणि शेंगा मडक्यात घालून वाफवतात ती). "जमिनीत कायच ठेवायचं नाय, वैनी," ती म्हणाली. चव उत्तम होती. तरी मडके निम्मे तसेच राहिले.

जेवण झाल्यावर मी गादीवर आडवी झाले आणि आजोबांना म्हटले, चालवा. मोरेश्वर संकोचला, पण करून पाहिल्याशिवाय मावशींना त्यात घालणे मला मान्य नव्हते. वाडीच्या कडेने जीप अगदी सावकाश फिरली. आजोबांनी टायरांतली हवाही कमी केली होती. तरी प्रत्येक खड्ड्यात गादी वर यायची आणि मी तिच्यावर आपटायचे. माझी हाडे धड होती, तरी दोन फेऱ्यांनंतर मी थांबवायला सांगितले.

आजोबा उतरून झापाच्या खांबाला टेकून उभे राहिले. जे केल्याने रस्ता पार होणार होता, त्यानेच मावशींना नेणे अशक्य झाले होते. पाटे काढले तर गाडी चाकोरीत बसणार. ठेवले तर मावशींचे हाड.

मग मला बशीरभाईंचे वाक्य आठवले आणि मी ते आजोबांना सांगितले.  "वजन," ते म्हणाले. "अगं, वजनच हवं." मोरेश्वर लगेच पोती घेऊन पुळणीकडे (किनाऱ्यावरच्या वाळूकडे) निघाला.

मावशींनी खाटेवरून हाक मारली. "काय आनतो रं?"

"वाळू, आये. गाडीत भराला."

"वाळू नेता, नि माती नाय नेत?"

मग कमळने मला सांगितले. महिनाभर घरात याच गोष्टीवरून वाद चालला होता. मावशींचे म्हणणे, वाडीतली माती माकुणसारला न्यायची. मोरेश्वर म्हणे, भांडी न्यायला जागा नाही, माती कुठे नेऊ, लोक हसतील. त्यावर मावशींचे उत्तर ठरलेले: "हसूं देत. हसनारा तुला पान देनार हाय का खायाला?"

आजोबा खाटेजवळ जाऊन बसले. मीही गेले. मावशींनी त्यांचा हात धरला. त्यांची बोटे नागवेलीच्या जुन्या वेलासारखी पेरापेरात वाकली होती.

"ही माती देवानं नाय दिली, भास्कर. हितं वाळू व्हती. तळ्यातला गाळ डोकीवरनं आनून आमी माती केली. माज्या सासूनं केली, मी केली, कमळनं केली. ती सरकारला कशी दिऊ? जमीन त्यांची. माती आमची."

मोरेश्वर दारात उभा राहून ऐकत होता.  पोती घेऊन वाडीत गेला आणि वेलांच्या वाफ्यातून खणू लागला.

काळी, ओलसर, माशांच्या खताचा वास असलेली माती. आम्ही सगळ्यांनी गोण्या भरल्या. एकेक गोणी चढत गेली तशी जीप मागून बसत गेली. आजोबा दर वेळी कमानीला हात लावून पाहत. शेवटी त्यांनी पुरे म्हटले. गोण्या सारख्या करून त्यांच्यावर गादी घातली, आणि मी पुन्हा आडवी झाले. या वेळी जीप खड्ड्यांतून होडीसारखी गेली. वळताना मात्र मागचे टायर मडगार्डला घासत होते आणि जळक्या रबराचा वास येत होता. आजोबा म्हणाले, घासू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला निघालो. चौघांनी गोधडीसकट मावशींना उचलून गादीवर ठेवले. त्यांनी ओठ दाबून धरले होते. झापाशी आल्यावर कमळने मागे वळून नमस्कार केला. मावशी वर आभाळाकडे पाहत होत्या. पडल्या पडल्या त्यांना दुसरे काही दिसतही नव्हते. मी विचारले, दुखते का? त्या म्हणाल्या, "खाटंवर दुखतं तवढंच."

खाडीच्या मधोमध मागचे डावे चाक रुतले. वजनामुळे जीप त्या बाजूला कलली, चाक फिरले आणि आणखी खोल गेले. जाळे झाडत असलेले दोन कोळी मदतीला धावले. त्यांतला एक आत डोकावून म्हणाला, "यवढी माती कशाला वो? समुद्र बुजवनार काय?" ढकलून पाहिले. चाक नुसते चिखल उडवत होते. भरती सुरू होईल म्हणून कोळी घाई करू लागले. गोण्या उतरवा, एवढेच जो तो म्हणत होता. पण गोण्या मावशींच्या खाली होत्या. त्या काढायच्या तर मावशींना उचलून चिखलात कोणाच्या तरी हातांवर धरायचे, आणि पुढे माकुणसारपर्यंत रिकाम्या जीपमध्ये न्यायचे.

आजोबा स्टिअरिंग धरून बसले होते. माझा हात मावशींच्या कपाळावर होता. सगळे ऐकत असलेल्या मावशी म्हणाल्या, "मोरू, कडंची येक गोन काढ, नि चाकाखाली घाल."

एवढे दिवस मातीला नाही म्हणणारा मोरेश्वर गोण्यांकडे पाहत उभा राहिला. मग त्याने विचारले, "कुठली, आये?"

"सगळ्या सारक्याच हायत."

त्याने पायाकडची एक गोणी ओढून काढली आणि चाकापुढे दाबून बसवली. टायरच्या खाचांनी तिला पकडले, गोणी फाटली, आणि जीप तिच्यावरून चढून कडक जमिनीवर आली. आजोबा थांबले नाहीत, आणि थांबून चाललेही नसते. मी मागे पाहिले. चिखलात एक काळा डाग होता, आणि पाणी त्याच्याकडे यायला लागले होते.  कमळ रडत होती.

बोईसर, पालघर आणि पुढे केळव्याच्या अलीकडून आत माकुणसार. तिसरा प्रहर झाला होता. मावशींना नव्या घरात खाटेवर ठेवले. त्यांनी खाट मागच्या दाराशी न्यायला लावली, म्हणजे गोण्या उतरताना दिसतील. जीप एकेका गोणीबरोबर मागून वर येत गेली. सगळ्या उतरल्यावर त्या म्हणाल्या, "आता ही परत उड्या मारनार."

मागच्या अंगणात ती माती पसरली तेव्हा दोन खाटा मावतील एवढीच जागा भरली. गोण्यांतून ती पुष्कळ वाटली होती. कमळने त्यात वाडीतून आणलेले वेल लावले. मावशी ते वेल मूळ धरताना पाहू शकल्या नाहीत. संक्रांतीच्या आधी त्या गेल्या. पुढे कधीतरी मी माकुणसारला गेले तेव्हा कमळला म्हटले, ती माती दाखव. तिने अंगणात इकडेतिकडे पाहिले. पावसांनी ती माती आजूबाजूच्या मातीत मिसळून गेली होती आणि तिला नेमकी जागा सांगता येईना.

परतीच्या वाटेवर बोईसरला वळून जादा पाटे काढून घ्यावेत, असे मी सुचवले होते. आजोबा नको म्हणाले. रिकामी जीप मनोरपासून जव्हारपर्यंत आम्हाला आपटत राहिली. रस्त्याने अजून डोंगरातली माणसे खालीच येत होती. घाटाच्या पायथ्याशी आजोबांनी गाडी थांबवली आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. 

नाशिकला पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ते नदीवर गेले आणि दोन गोण्या भरून आणून त्यांनी मागे ठेवल्या. मुलांनो, तुम्ही सुट्टीत यायचात तेव्हा त्या गोण्यांवर बसण्यावरून भांडायचात, आणि आजोबा त्या कधी काढत का नाहीत म्हणून मला विचारायचात. त्यांत गोदावरीची वाळू होती, एवढेच. मावशींची माती आम्ही सगळी पोहोचवली. एक गोणी खाडीत आहे.