आधी मागची बाजू

आमच्या हॉर्शम गावातल्या निम्म्या लोकांना त्यांची घरं व्हर्ली हॉकिंगने विकली आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तिला अजून माफ केलेलं नाही. मीही त्यातलाच. तिच्या समोरचं घर आमच्या गळ्यात मारताना ती म्हणाली होती, "मर्व, स्वयंपाकघरात दिवसभर ऊन येतं बघ." येतं ना! इकडच्या जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात लोणी टेबलावरून ओघळून फरशीवर येतं.

घर विकणाऱ्यांची एक भाषा असते आणि व्हर्ली त्या भाषेतली पंडित. ‘टुमदार’ म्हणजे पलंग ठेवला की दार उघडत नाही. ‘सुधारणेला भरपूर वाव’ म्हणजे छप्पर गळतंय. ‘शांत शेजार’ म्हणजे कुंपणापलीकडे दफनभूमी. आपण आयुष्यात कधी खोटं बोललो नाही असं ती म्हणते. खरंही बोलली नाही, असं आम्ही म्हणतो.

ती निवृत्त झाली, पाठोपाठ तिचा नवरा क्लेम गेला, आणि ग्लेनिसने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला ओढून आमच्या विटा मंडळात आणलं. हे मंडळ म्हणजे नातवंडांचं नाव पुढे करून प्लास्टिकच्या विटांच्या इमारती रचणारी आम्ही म्हातारी माणसं. महिन्यातून एकदा चर्चच्या हॉलमध्ये जमतो, चहाबरोबर कोणीतरी केलेला कोरडा केक खातो. त्या दिवशी शहराचा नवा संच जोडून टेबलावर मांडला होता. ग्लेनिस म्हणाली, "व्हर्ली, तू घरांतली जाणकार. सांग की दोन शब्द."

आता ‘टुमदार’ येणार म्हणून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. व्हर्लीने अग्निशमन केंद्र उचललं आणि आधी उलटं फिरवलं.

"मागे भिंतच नाही," ती म्हणाली. "वर झोपायची खोली आहे, जिना नाही. कॉफीचं यंत्र आहे, संडास नाही. कॉफी पिऊन ही माणसं जातात कुठे? दहापैकी तीन. तेही बंबाचे."

मग पोलीस ठाणं. "कोठडीला पुढे गज, मागे मोकळं रान. चोराने पळायचीही गरज नाही, नुसतं वळायचं. दोन." मग रुग्णालय. "एक रोगी, तीन डॉक्टर. आपल्याकडे कधी बघायला मिळायचं हे? सहा!"

हॉलमध्ये हशा पिकला. तेव्हापासून व्हर्लीचं परीक्षण हाच मंडळाचा मुख्य कार्यक्रम झाला. विटांशी काडीचा संबंध नसलेले लोकही येऊन बसायला लागले. तिचा नियम एकच, आधी मागची बाजू बघायची. "तोंड काय, कोणीही धुऊन येतं," ती म्हणायची. ग्लेनिसच्या मते जन्मभर गिळलेलं खरं ती आता त्या बिचाऱ्या खेळण्यांवर ओकत होती.

गेल्या हिवाळ्यात व्हर्ली तिच्याच मागच्या पायरीवरून पडली आणि मनगट मोडून घेतलं. मेलबर्नहून तिचा मुलगा रॉस आला. "आई, हे घर आता तुला झेपत नाही. गावाबाहेर वृद्धांची वसाहत आहे, तिथे सगळं बघतात." त्याला वाटलं होतं ती भांडेल. ती लगेच हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी मला म्हणाली, "मर्व, मला जायचं नाही रे."

"मग त्याला सांग ना!"

"सांगितलं तर तो राहू देईल, आणि तिकडे बसून माझ्या काळजीने मरेल. पण घर विकलंच गेलं नाही, तर त्यात कोणाचा दोष?" असं म्हणून ती हसली. ते हसू मी ओळखतो. त्याच हसण्यावर मी घर घेतलं होतं.

शनिवारी तिच्या अंगणात लिलाव झाला. आमची सगळी गल्ली नेहमीप्रमाणे हजर होती. घ्यायचं कोणालाच नसतं, पण शेजारच्याची किंमत कळल्याशिवाय जेवण जात नाही. खरे घेणारे तीनच. लिलाव पुकारायला जॅरड होता, व्हर्लीच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. "टुमदार घर!" त्याने सुरुवात केली. "सुधारणेला भरपूर..."

"जॅरड, थांब जरा," प्लास्टरातला हात सावरत व्हर्ली उठली. "मंडळी, आधी मागची बाजू बघा."

"आई, आत्ता नको!" रॉस ओरडला. पण ती निघाली आणि अख्खा लिलाव तिच्यामागून.

"घर ज्या लाकडी खुंटांवर उभं आहे ना, त्यातले हे तीन खचलेत," ती सांगू लागली. "पुढच्या खोलीत गोटी ठेवली तर स्वयंपाकघरात सापडते. वादळात या कोपऱ्यात बादली लागते. या पायरीवरून मी पडले. आणि हा व्हरांडा माझ्या नवऱ्याने बांधला. सुतारकाम येत नव्हतं आणि ऐकत तर मुळीच नव्हता. संध्याकाळी समोरच्या झाडावर गुलाबी पोपट असा गोंधळ घालतात की टीव्ही ऐकू येत नाही. मग आम्ही तो बंद करून इथे बसायचो." तिने चांगल्या हाताने व्हरांड्याचा कठडा थोपटला. "दहापैकी चार."

तिघांतले दोघे गुपचूप गाडीकडे वळले. मी मनात टाळी दिली. उरली एक नर्स, दिवस भरत आलेली, आणि तिचा नवरा.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"मोरी तुंबते," व्हर्ली घाईने म्हणाली.

तो बायकोकडे वळला. "इतकी घरं बघितली आपण. खरं सांगणारं कोणीतरी पहिल्यांदाच भेटलं." बायको व्हरांड्यात बसून झाडाकडे बघत होती. ती नुसती मान हलवून हो म्हणाली. रॉसने ठरवलेली किंमत त्यांनी कुरकूर न करता मान्य केली. जॅरडने हातोडा आपटला, आणि रीत म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या. इतक्या वाईट टाळ्या मी आजवर वाजवल्या नव्हत्या.

जॅरड धावत व्हर्लीकडे आला. "काय ग व्हर्ली, ही युक्ती तू आम्हाला कधी शिकवलीच नाहीस!"

"मला तरी कुठे माहीत होती," ती म्हणाली.

ती वसाहतीत गेल्यावर मंडळ भरलं तेव्हा विटांच्या बेकरीची पाळी होती. व्हर्लीने ती नेहमीसारखी झोडपली, लोक नेहमीसारखे हसले. चहाच्या वेळी मी विचारलं, "तुझं नवं घर कसं आहे?"

"समोर गुलाब लावलेत."

"आणि मागे?"

"मागची बाजूच नाही, मर्व. माझ्या भिंतीला भिंत लावून दुसऱ्या कोणाचं तरी घर आहे."

"मग गुण किती?"

मेलबर्नहून आलेला रॉस तिला न्यायला दारात येऊन उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तेच जुनं हसू हसली.

"टुमदार आहे," ती म्हणाली.